बंद करण्यासाठी लिहा

भिवाजीने काहीच न लिहिता एंटरचे बटण दाबले आणि प्रोग्रॅम मेला.

लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळींचा ढीग कोसळला. तापल्या तव्याला हात लागावा तसा त्याने हात मागे घेतला.

"रिकामं बटन कशाला दाबलंत, आबा? कायतरी लिवायचं ना आधी," स्नेहल म्हणाली.

भिवाजीने गल्ल्यावरची पाटी ओढली नि खडूने लिहिले, 'काय बोलायचंच न्हवतं.'

स्नेहलला हसू आले. चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या लिलाबाईलाही आले. पण तिने ते पदराआड केले, कारण नवऱ्याची पाटी वाचून हसायची सवय तिला अजून झाली नव्हती.

ताम्हिणी घाटाच्या वळणावरचा हा ढाबा भिवाजीच्या आवाजावर चाले. त्याची हाक वरच्या वळणाला पोचायची; ती ऐकून टेम्पोवाले ब्रेक दाबायचे. मग घशात गाठ झाली. पुण्याच्या डॉक्टरांनी गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजही काढावा लागला. लिहिलेले मोबाइलमधून बोलून दाखवणारी बाई स्नेहलने त्याला ऐकवून पाहिली होती. त्याने पाटीवर लिहिले, 'परक्याचा आवाज माझ्या तोंडात नको.' पाटी मात्र गिऱ्हाइकांना दिसायची नाही, खडू ओल्या हाताला विरघळायचा, आणि हळूहळू भिवाजी लिहायचा जवळजवळ बंदच झाला. नुसता मान हलवी. स्नेहलला त्या मानेची भीती वाटे.

म्हणून पौडच्या कॉम्प्युटर क्लासात जे अर्धेमुर्धे शिकली होती ते घेऊन ती जुन्या लॅपटॉपसमोर बसली. आबांनी लिहायचे, पडद्याने ते मोठ्या अक्षरांत गिऱ्हाइकाला दाखवायचे. एवढेच. अडले की मोबाइलवर शिकणाऱ्यांच्या ग्रुपात विचारायचे.

*प्रश्न: वापरणाऱ्याने काहीच न लिहिता एंटर दाबले, तर?*

*उत्तर: तर थांबायचे. प्रोग्रॅमला घाई नसते.*

तिने तशी ओळ घातली. भिवाजीने मुद्दाम रिकामे एंटर पुन्हापुन्हा दाबून पाहिले. प्रोग्रॅम मेला नाही. त्याने बोट उचलून लेकीकडे रोखले, जत्रेत पैलवानाकडे रोखावे तसे.

*प्रश्न: मराठी अक्षरे पडद्यावर तुटतात. का?*

याला धड उत्तर आले नाही. कधी वेलांटी अक्षर सोडून शेजारी जाऊन बसे, कधी रफार भलत्याच डोक्यावर चढे. मग भिवाजीनेच वाट काढली. जे शब्द तुटत ते तो वापरीनासा झाला. 'गर्दी' नको, 'लई माणसं' लिहायचे. कीबोर्डावर स्नेहलने चिकटपट्टीवर पेनाने अक्षरे लिहून लावली होती; त्यांवरून त्याचे जाड बोट तांदूळ निवडल्यासारखे फिरे. वाक्ये तोकडी होत गेली, आणि तोकडी झाली तशी धारदार.

*प्रश्न: मजकुराभोवती चांदण्यांची चौकट कशी काढावी?*

ती तिने रात्र खर्चून काढली. भिवाजीने पाहिली, लिहिले,

> चौकट नको. मयताची जाहिरात वाटते.

चौकट गेली. उरले काळ्यावर पांढरे शब्द, आणि अगदी तळाशी एक बारीक ओळ. क्लासात प्रोग्रॅम बंद करायला इंग्रजी शब्द शिकवला होता; तिने तो मराठीत केला होता.

बंद करण्यासाठी लिहा: जातो

रोज ढाबा आवरताना ती स्वतःच तो शब्द टाइप करी नि झाकण मिटी. हात ते आपोआप करीत.

पडदा गिऱ्हाइकांकडे वळवला त्या पहिल्याच दिवशी भिकू टेम्पोवाला त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"मालक, भाकर लई कडक हाय आज."

बोट फिरले.

> आधी दात दाखव.

अख्खा बाक हसला. भिकूने खरेच तोंड उघडून दाखवले. स्नेहल गिऱ्हाइकांकडे पाहत नव्हती. ती आबांकडे पाहत होती. हशा विरेपर्यंत थांबून, मगच पुढचे बटण दाबायचे, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. घाटाला हाक मारणारा माणूस आता एका बोटाने बाक गदागदा हलवत होता. त्या आठवड्यात वरच्या वळणाचे टेम्पो हाकेविनाही थांबू लागले.

मग गाठ पुन्हा दिसली.

पुण्याला नेण्यासाठी भिकूने पहाटे टेम्पो आणला. लिलाबाई पिशवी घेऊन आधीच पुढे बसली होती. स्नेहलने मागे राहून ढाबा सांभाळायचा, असे ठरले होते. निघता निघता भिवाजी गल्ल्यापाशी आला. लॅपटॉप चालूच होता.

"आज तुमीच बंद करा, आबा. खाली लिवलंय बगा," स्नेहल म्हणाली. आवाज स्थिर ठेवायला तिला काहीतरी बोलायचे होते, म्हणून.

भिवाजीने वाकून तळाची ओळ वाचली. बोट 'ज'वर गेले. तिथेच राहिले. त्याने टेम्पोकडे पाहिले, मग लेकीकडे.

स्वतःच लिहिलेली ती ओळ स्नेहलने जणू आज पहिल्यांदा वाचली. तिचा चेहरा उतरला.

"आबा, म्या तसं—"

त्याने हात वर करून तिला थांबवले. बोट 'ज'वरून उचलले, पट्टीवरची अक्षरे एकेक शोधली, एंटर दाबले. पडदा पुसला गेला. नवा शब्द उमटला, आणि प्रोग्रॅम चालूच राहिला. भिवाजी तिच्या डोक्यावर हात ठेवून टेम्पोत चढला.

उजाडल्यावर तिने मोबाइल काढला. *वापरणाऱ्याने बंद करायचा शब्द लिहिलाच नाही, तर?* एवढे टाइप केले आणि पाठवले नाही. तिला येत होते. तळाच्या ओळीत एका शब्दाची दुरुस्ती होती. पण ती लागू करायची तर चालू प्रोग्रॅम आधी बंद करावा लागला असता.

घाटात विजेचा भरवसा नसतो. तिने चार्जरची पिन बोर्डात घट्ट दाबली, मग चूल पेटवली.

दुपारी एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरने रिकाम्या खुर्चीकडे पाहिले.

"मालक कुटं गेलं?"

भाकरीवरचा हात न थांबवता स्नेहलने कोपराने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

> येतो.