वीस फुटांचा कातळ

लग्नाला अकरा वर्षं झाली तरी विनिता घरात नवऱ्याला नावाने हाक मारत नसे. सासूबाई, जानकीबाई, समोर असल्या की 'अहो'. डोंगराची वाट लागली की मात्र 'अहो' पायथ्याशी राहायचं आणि तो 'भाविक' व्हायचा. तिला तेवढ्यासाठीसुद्धा डोंगर आवडे.

भाविकचं धामणकर नाक्यावर यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. विनिता खारबावच्या शाळेत शिकवायची. मूल झालं नाही. चार वर्षं दवाखाने केले, मग एका रविवारी भाविक तिला कामणदुर्गावर घेऊन गेला, आणि त्यानंतर दोघांनी दवाखान्याचा विषय काढलाच नाही. गुमतारा झाला, टकमक झाला, माहुली झाली. कामणदुर्ग मात्र घरचाच झाला. सासरे, चांगदेव, म्हणायचे, "आमी लाकडांसाठी डोंगर चढलो. तुमी कशासाठी चढता, ते तरी सांगा." दोघंही हसून बूट घालायची.

त्या डिसेंबरातल्या रविवारी ती दोघं सकाळी आठला कामणदुर्गाच्या पायथ्याच्या पाड्यावर पोचली. बाईक नेहमीसारखी चिंतूच्या अंगणात लावली. चिंतू आणि त्याची बायको सखी ही पाड्यातली वारली माणसं, दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाणारी. इतक्या वर्षांत ओळख झाली होती, पण पाणी देण्याघेण्यापलीकडे गेली नव्हती.

माथ्याच्या थोडं खाली एक कातळटप्पा आहे. वीसेक फुटांचा, उभा, पण हाताला खाचा आणि पायाला खोबण्या असलेला. डाव्या अंगाला सरळ दरी, खाली कारवीचं रान. भाविक नेहमी आधी चढायचा आणि वरून विनिताला हात द्यायचा. त्या दिवशी तो म्हणाला, "तू हो पुढं."

तिला बरं वाटलं. आता आपल्याला जमतं हे त्याला पटलं, असं तिला वाटलं. ती झरझर चढून वर जाऊन बसली. खाली वसईची खाडी उन्हात चमकत होती आणि तिच्यापलीकडे समुद्राची फिकट रेघ होती. ती पाण्याची बाटली उघडत होती, तेवढ्यात भाविकने खालून हाक मारली. आवाज साधाच होता.

तो टप्प्याच्या मध्यावर उभा होता. डावा हात खाचेत, उजवा हात कातळावर नुसता टेकलेला.

"विनिता, हात मिटत नाय."

तिला कळलं नाही. मुंग्या आल्यात का, असं तिने विचारलं. तो नाही म्हणाला. मग कातळाकडे तोंड करूनच त्याने सांगितलं, की दिवाळीच्या आधीपासून असं होतंय. दुकानात स्क्रू पकडता येत नाहीत. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. वाटलं होतं, जाईल आपोआप.

बटणांचं विनिताने पाहिलं होतं. हा हल्ली आरशासमोर फार रेंगाळतो, म्हणून ती त्याला चिडवायची.

ती पोटावर आडवी झाली आणि तिने हात खाली सोडला. दोन हातांचं अंतर राहिलं. ओढणी सोडून खाली टाकली. ती त्याच्या तोंडापाशी लोंबू लागली, पण ती धरायची तर डावा हात सोडावा लागला असता, आणि तो एकच हात त्याला धरून होता. खाली उतरून त्याच्या पायांना आधार द्यावा, तर उतरायच्या खोबण्यांवर तोच उभा होता. दोर त्यांनी कधी आणलाच नव्हता. एवढ्याशा टप्प्याला कोण दोर आणतं? मोबाइलला रेंज नव्हती.

उरलं एकच, ओरडणं. तिने पाड्याच्या दिशेने ओरडायला सुरुवात केली. चिंतूचं नाव, सखीचं नाव, मग नुसतंच 'ओ'. मध्ये मध्ये ती खाली वाकून बघायची. भाविकचा पाय थरथरू लागला होता, माग चालू केल्यावर भिंत थरथरते तसा. तो म्हणाला, "ओरडत रहा. माझ्याकडं बघू नको."

पण न बघणं तिला जमेना. शाळेत पोरं पडतात, खरचटतात, तिचे हात आपोआप पुढे होतात. इथे हात होते आणि त्यांना काही कामच नव्हतं. ती त्याच्याशी बोलत राहिली. काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. एकदा त्याने विचारलं, "आईला तू काय सांगशील?" ती पुन्हा पाड्याकडे तोंड करून ओरडू लागली.

तासाभराने झाडीतून चिंतू आला, मागे सखी. लाकडं तोडायला गेलेल्या सखीने हाक ऐकली होती. अनवाणी पायांनी चिंतू कातळावर चढला, भाविकच्या बुटाखाली त्याने आपला खांदा दिला आणि एकेक पाय हाताने धरून खालच्या खोबणीत ठेवला. सखीने खालून भाविकची कंबर धरली. जमिनीवर येताच भाविक बसला आणि त्याला ओकारी झाली.

ती दोघंही भाविकला सावरण्यात गुंतली. विनिता वर होती हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. ती एकटी उतरली. उतरणं इतकं सोपं गेलं की तिला लाज वाटली.

बाईक तिने चालवली. मागे बसलेल्या भाविकने डाव्या हाताने तिचा खांदा धरला होता.

मग ठाणे झालं, मुंबई झाली. सुया टोचून स्नायूंची तपासणी झाली. डॉक्टरांनी नीट, सावकाश समजावलं. स्नायू हलवणाऱ्या नसा एकेक करून सुकत जाणार. का, ते माहीत नाही. परत फिरवणारं औषध नाही. भाविकने एकच विचारलं, पाय किती दिवस. डॉक्टर म्हणाले, प्रत्येकाचं वेगळं असतं.

त्याचे पाय जुलैत गेले. तोवर डावा हातही अर्धा गेला होता. दुकान चुलतभाऊ केसरीनाथ बघू लागला. जानकीबाईंनी नवस केले, चांगदेवांनी ज्याने ज्याने सांगितलं त्या त्या वैद्याकडे गाडी नेली. विनिता शाळेतून येऊन त्याला जेवू घालायची. घास किती मोठा घ्यायचा हे तिला आता न बघता कळायचं. एवढंच तिच्या हातात होतं, आणि तेही पुढे राहणार नव्हतं, कारण गिळणंही जाणार होतं.

पुढच्या डिसेंबरात भाविकने हट्ट धरला, पाड्यावर जायचं. दोघं गाडीने गेली. चिंतूने त्याला उचलून अंगणातल्या खाटेवर ठेवलं, पाठीशी गोणपाटाची गुंडाळी लावली. मग भाविक म्हणाला, "तू जाऊन ये." त्याचं बोलणंही आता जड झालं होतं. ती नको म्हणाली. तो पुन्हा म्हणाला.

ती गेली. दीड तासात कातळापाशी पोचली. पहिल्या खोबणीत पाय ठेवला, खाचेत हात घातला, आणि तशीच थांबली. भीती नव्हती. पण वर जाऊन करायचं काय, हे तिला समजेना. पाय काढून ती कातळाच्या मुळाशी बसली. बराच वेळ बसली. मग उठून खाली आली.

भाविकने विचारलं, "वारा होता?"

"होता."

"खाडी?"

"भरती होती. मिठागरं चमकत होती." तिने समुद्राचंही सांगितलं, एक गलबत दिसलं म्हणाली. तो डोळे मिटून ऐकत राहिला.

पाणी घ्यायला ती सखीच्या मागोमाग झोपडीत गेली. सखी हळूच म्हणाली, "येथून तो कातळ दिसतंय. तो सारा येळ तिकडंच बघत होता. मान न्हाय हलवली."

विनिता तांब्या घेऊन बाहेर आली. भाविकची मान उचलून तिने तांब्या त्याच्या ओठांना लावला. त्याने दोन घोट घेतले. तिसरा हनुवटीवरून ओघळला, तो तिने ओढणीने पुसला. त्याने तिच्याकडे पाहिलं. चिंतूने त्याला उचललं आणि तिने पुढे होऊन गाडीचं दार उघडलं.