ताईचा खोटा पेशंट

"मी रडलो ना, की समोर दगड असला तरी रुमाल शोधतो," असं नटकाका छाती ठोकून सांगायचे. चाळीस वर्षं रंगभूमीवर काढलेली. म्हणून तर कंपनीने त्यांना घेतलं.

कंपनीने समुपदेशन करणारं यंत्र बनवलं होतं. दुःखी माणसाने फोन लावायचा, यंत्राने ऐकायचं आणि धीर द्यायचा. आवाज बाईचा, म्हणून सगळे त्याला ताई म्हणायचे. ताई धीर नीट देते का, हे तपासायला खोटे पेशंट लागायचे. काका त्यातले एक.

पहिल्याच दिवशी काकांनी बायको गेलेल्या माणसाचं असं रडं काढलं की शेजारच्या खोलीतल्या दोघी खुर्च्या सोडून धावत आल्या. ताई शांतपणे म्हणाली, "आपल्या घशाला सूज असावी. कोमट पाण्याच्या गुळण्या करून पाहा."

काका तोंड पाडून घरी आले. काकू हसता हसता खालीच बसल्या. "अहो, तुम्ही शेवटच्या रांगेसाठी रडताय. ती तर कानाशी बसलीय. हळू रडा."

मग घरी रोज तालीम सुरू झाली. काकू भाजी निवडता निवडता ताई व्हायच्या. "बोला, ऐकतेय मी. अं हं, एवढ्यात हुंदका नको, अजून तुम्ही काय झालं तेही सांगितलं नाही."

तीन वर्षांत काका नोकरी गेलेला फिटर झाले, नापास मुलाचे बाप झाले, एकदा तर सुनेने छळलेली सासूही झाले. विधुर अकरा वेळा झाले. विधुरात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

बाराव्या विधुराची तालीम चालू असताना काकू गेल्या.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. काका बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालत रंगात आले होते. स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो." मग पुन्हा, "अहो, जरा इकडे या." काका म्हणाले, "थांब जरा, रडतोय."

रडणं संपवून ते आत गेले, तर काकू ओट्याला टेकून खाली बसलेल्या. हातात चहाचं गाळणं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी कदाचित उपयोग झाला नसता. 'कदाचित' त्यांनी दोनदा म्हटलं.

हाकेची गोष्ट काकांनी कुणालाच सांगितली नाही. दिवसभर ती घशाशी यायची आणि परत जायची. परदेशातला मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, असं गप्प राहू नका. कुणाशी तरी बोला."

"कुणाशी बोलू?"

"ताई आहे ना. सगळं जग बोलतं तिच्याशी."

ते खरंच होतं. शहरातल्या माणूस-काउन्सेलरांनी कधीच दुकानं बंद केली होती. एकीने पाळणाघर काढलं होतं, एक जण फ्लॅट दाखवत फिरायचा.

दुपारी काकांनी घरून फोन लावला.

"नमस्कार काका," ताई म्हणाली. "चाचणी सुरू करू या. आजची भूमिका कोणती?"

"भूमिका नाही गं. मी मीच आहे आज."

"छान. 'भूमिका नाही असं म्हणणारा माणूस.' नोंद केली. बोला."

काकांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचा फोन मागून आणला आणि खरं वाटावं म्हणून आवाज बदलला. जुना फिटर काढला, थोडा घोगरा, शब्द गिळणारा. फिटर म्हणाला, "बायको गेली हो माझी."

ताई इतक्या मायेने बोलली की काकांनी भिंतीला हात टेकला. जेवलात का, तिने विचारलं. झोप लागते का, घरात शांतता फार वाटते का, तेही विचारलं. फिटरने सगळ्याची उत्तरं दिली. फिटरला खूप बरं वाटलं. पण फिटर रडण्याच्या तालमी कुठून करणार? हाकेची गोष्ट त्याच्या तोंडी बसेना. शेवटी काकांच्याच आवाजात निघून गेलं, "ती हाक मारत होती आणि मी विधुराची तालीम करत होतो. थांब जरा, रडतोय, म्हणालो तिला."

"काका, तुम्ही होय," ताई म्हणाली. "हा तपशील फारच सुंदर सुचलाय. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव."

काका ऑफिसात साहेबांकडे गेले. "मला खोट्या पेशंटांच्या यादीतून काढा. ती माझं खरं धरत नाही."

"अहो, मला माहीत आहे ना खरं. मी फुलं नव्हती का पाठवली?" साहेब घड्याळ बघत म्हणाले. "पण परीक्षकाचं नाव काढायचं तर राजीनामा द्यावा लागतो. पद्धत आहे."

"देतो. साहेब, तुम्हाला पाच मिनिटं आहेत का? एक सांगायचं होतं."

"काका, मनात ठेवू नका हं काही," साहेब उठत म्हणाले. "ताईशी बोला."

काकांनी राजीनामा दिला. निरोपाला केक आणला होता. साहेबांनी भाषणात सांगितलं, की काकांच्या रडण्याची सगळी ध्वनिमुद्रणं आता ताईला खरं दुःख कसं असतं हे शिकवायला वापरली जातील. टाळ्या वाजल्या. काकांनीही वाजवल्या.

आठवड्याने नाव निघाल्याचं पत्र आलं. काकांनी दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला आणि स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या आवाजात फोन लावला. या वेळी ताईने ओळख दाखवली नाही. "बोला, मी ऐकतेय," एवढंच म्हणाली.

काकांनी डोळे मिटले आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. ओटा, गाळणं, दोन हाका, आपण काय म्हणालो ते. मधे ताई काहीच बोलली नाही. कुणी इतकं नीट ऐकल्याला बरेच दिवस झाले होते.

डोळे उघडले तेव्हा पलीकडून फोन कट होऊन अकरा मिनिटं झाली होती. स्क्रीनवर मेसेज होता. कंपनीच्या मालकीचं ध्वनिमुद्रण वाजवून ताईची फसवणूक केल्याबद्दल हा नंबर तीस दिवसांसाठी बंद करण्यात आला होता.