भोंगा पास झाला तो दिवस

कॉलरवालीची पोरगी चार महिन्यांची होती आणि जन्मल्यापासून झोपली नव्हती. तुम्ही म्हणाल, असं कसं होईल? पण मी त्या शर्टांच्या कारखान्यात कापड बेतायचो, पोरगी मी डोळ्यांनी पाहिलीय आणि कानांनी तर त्याहून जास्त. तिच्या रडण्याने शेजारच्या कोंबड्या अंडी घालेनाशा झाल्या. समोरचा ठार बहिरा म्हातारा डॉक्टरकडे जाऊन म्हणाला, जरा कमी ऐकू येईल असं काहीतरी द्या. आम्ही तिचं नावच भोंगा ठेवलं होतं.

नवरा पंधरा-पंधरा दिवस ट्रकवर. सासूने दोन दिवस नात सांभाळली आणि तिसऱ्या दिवशी लेकीकडे निघून गेली, चष्मासुद्धा विसरून. शेवटी कॉलरवाली पोरीला काखोटीला मारून कामावर आली. डोळे इतके खोल गेलेले, की सुईत ओवायचा दोरा ती सुईच्या शेजारून नेत होती. सुपरवायझरने एका दिवसाची मुदत दिली. रडणं त्याच्या केबिनपर्यंत पोचलं, तर उद्यापासून कॉलरच्या मशीनवर दुसरी बाई.

आमच्याकडे अख्खा शर्ट कोणीच शिवत नसे. एकीने कॉलर लावली की शर्ट पुढे, दुसरीने बाह्या जोडल्या की पुढे, मग बटणं, मग तपासणी, मग पॅकिंग. हातात आलं, आपल्या वाटणीचं केलं, पुढे सरकवलं. सवय अशी अंगात मुरलेली, की या बायका घरी वर्तमानपत्रसुद्धा एक पान वाचून पुढे सरकवायच्या.

त्यामुळे भोंगा तोंड उघडायला लागला, तेव्हा कोणाला काही ठरवावं लागलं नाही. कॉलरवालीने पाजून पोरगी पुढे दिली. बाहीवालीने लंगोट बदलला आणि झबल्याच्या बाह्या आधी सरळ केल्या, कारण तिला जगात दुसरं काही दिसतच नसे. बटणवाल्या मावशीने खांद्यावर टाकून ढेकर काढली. त्या ढेकरेने तीन मशीनचे दोरे तुटले. तपासणीवालीने पोरगी उलटीसुलटी करून पाहिली, कुठे टाका सुटलेला नाही, आणि सवयीने दुपट्यावर ‘पास’ची चिठ्ठी डकवून दिली. पॅकिंगवालीने चिठ्ठी तेवढी पाहिली. हात आत, पाय आत, दुपट्याची झक्क घडी, आणि ठेवली पोरगी खोक्यात शर्टांच्या गादीवर. झाकण मात्र उघडं ठेवलं, तेवढी अक्कल तिला होती.

जेवणाच्या सुट्टीत कॉलरवालीने पोरगी मागितली. बाहीवालीने बटणवालीकडे बोट केलं, तिने तपासणीकडे, तिने पॅकिंगकडे, आणि पॅकिंगवालीने वळून भिंतीकडे पाहिलं. भिंतीशी चाळीस खोकी होती. हमाल ती उचलून गाडीत भरत होते.

जिला शोधायला कधी डोळे लागले नव्हते, ती पोरगी त्या दिवशी हूं की चूं करत नव्हती. बायका खोक्यांवर तुटून पडल्या. गलका ऐकून सुपरवायझर तावातावाने बाहेर आला, ओरडायला तोंड उघडलं, आणि पायाशी असलेल्या खोक्यात बघून तसाच उभा राहिला.

पोरगी गालाखाली मूठ घेऊन गाढ झोपली होती.

कॉलरवाली झेपावली, पण मावशीने तिचं मनगट धरलं. “हात लावू नकोस.”

कोणी झोपवलं म्हणून कॉलरवालीने विचारलं, तर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणीच झोपवलं नव्हतं. जिने-तिने आपलं तेवढं केलं होतं. तेव्हा कॉलरवाली मटकन खाली बसली आणि रडू लागली. “मी चार महिने एकटी हेच सगळं करतेय, मावशी. मलाच का जमत नाही?”

“अगं वेडे, अख्खा शर्ट आमच्यातल्या एकीला तरी जमतो का?”

सुपरवायझरने तोंड मिटलं. हमालांना खुणेने बाजूला केलं. गाडी त्या दिवशी एक खोकं कमी घेऊन गेली. मग तो केबिनमध्ये गेला आणि दार आतून घट्ट लावून घेतलं. रडणं तिथवर पोचायचा प्रश्नच मिटला.

दुपारी कॉलरवालीने कॉलरींच्या गठ्ठ्यावर जरा डोकं टेकलं, ते टेकलंच. तिच्या कॉलरी बाहीवालीने ओढून घेतल्या, बाह्या मावशीने घेतल्या, आणि बटणं कोणी लावली म्हणाल, तर मी. चारच्या सुमारास भोंगा जागा झाला आणि त्याने छाती भरून श्वास घेतला. मावशीने पोरीला उचलून आईसमोर धरलं.

“हळू गं. आई झोपलीय.”

आणि पोरीने तो श्वास हळूच सोडून दिला. विश्वास बसत नसेल तर राहू द्या, माझाही तेव्हा बसला नव्हता.

सुट्टीची घंटा कोणी वाजवली नाही. आम्ही सगळे चपला हातात घेऊन एकेक करून बाहेर पडलो. मावशी तेवढी मांडीवर पोरगी घेऊन, कॉलरवाली आपणहून उठेल तेव्हा उठेल म्हणून बसून राहिली.