एकाच पत्त्यावर

टेबलावर नवा राउटर होता, दोन तारा, जुना लॅपटॉप आणि माटेसाठी, त्या कडवट पानांच्या चहासाठी, गरम पाण्याचा थर्मास. राउटरचे चारही दिवे हिरवे होते. एलिओचा चेहरा मात्र आंबट.

इंटरनेट कंपनीने जुना राउटर बदलला तेव्हापासून त्याचा लॅपटॉपवरचा खेळाचा सर्व्हर बाहेरून सापडेना. त्या खेळात त्याच्या मैत्रिणीने, मारिएलाने, आणि त्याने मिळून एक दगडी पूल बांधला होता. आता पायसांदू शहरातली सगळी मंडळी दानिलोच्या सर्व्हरवर खेळायची. मारिएलासुद्धा.

"दानिलोनं दीपगृह बांधलंय," माटेचा पेला भरत ती म्हणाली. "काय देखणं झालंय!"

"बांधू दे. दुसरा उद्योग काय त्याला?"

"जळतोयस होय रे?"

"मी? त्या दीडशहाण्यावर?"

बाहेरून येणाऱ्याला लॅपटॉपकडे धाडणारा राउटरमधला नियम त्याने पुन्हा तपासला. पोर्टचा आकडा बरोबर, लॅपटॉपचा पत्ता बरोबर. मग घराचा इंटरनेटवरचा बाहेरचा पत्ता, घरातल्या सगळ्यांना मिळून जो एकच असतो तो, फोनमध्ये टाकला. उत्तर नाही. नियम पुसून नव्याने लिहिला. फोन ढिम्म.

"बाहेरून कुणाला तरी बघायला सांग की. दानिलोला विचार."

"मेलो तरी नाही!"

तिने पेला पुढे केला. तो तुटकपणे म्हणाला, "आभारी आहे." माटेच्या बैठकीत आभार मानले म्हणजे आता पुरे, आणि त्याचा तर पहिलाच पेला व्हायचा होता.

"बरं, बस रुसून," म्हणत तिने थर्मास उचलला. "मी चालले घरी."

काही वेळाने तिचा फोन आला. "अरे, मी आपल्या पुलावर उभी आहे!"

"कशी काय?"

"तू टाकत होतास तोच पत्ता टाकला. तू घरच्याच वायफायवरून बघत होतास ना, वेड्या?"

एलिओने कपाळावर हात मारला. हा राउटर घरातल्यांना बाहेरून वळसा घालून आपल्याच दारात येऊ देत नव्हता. परक्यांसाठी दार उघडेच होते. कुणा एकाला विचारले असते तर पहिल्याच दिवशी कळले असते.

"पोचलीस ना घरी?" त्याने विचारले.

"केव्हाच! आई स्वयंपाक करतेय. आणि ऐक, दानिलोलाही मेसेज टाकलाय. तोही येईल त्याच्या घरून. नीट वाग हं."

पडद्यावर दानिलोचे नाव उमटले. सर्व्हर प्रत्येक पाहुण्याच्या नावापुढे, तो ज्या घरातून आला त्या घराचा बाहेरचा पत्ता लिहायचा. एलिओने दोन्ही ओळी आकडा आकडा जुळवून पाहिल्या.

मारिएला आणि दानिलो यांचा पत्ता शेवटच्या आकड्यापर्यंत एकच होता.