जोसायांची पाळी

आमच्या मुतारे शहरातल्या बेकरीत नवा मॅनेजर आला तो कागदांचा गठ्ठा घेऊनच. ग्वेंझी त्याचं नाव, वय एकतीस, हरारेला कसलंसं शिबिर करून आलेला. त्याचं म्हणणं असं, की कामगाराचं मन खचलं की पावही बसका होतो. म्हणून रोज सकाळी सहाला, काम सुरू व्हायच्या आधी, एकेकानं सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं, "मी कर्तबगार आहे. मी आनंदी आहे. माझ्याशिवाय ही बेकरी चालत नाही."

पहिल्या दिवशी पीठ मळणारी रुत्सा उभी राहिली. "मी कर्त..." एवढं म्हणून ती जी हसत सुटली, ती एप्रनने डोळे पुसत आत पळाली. दुसऱ्या दिवशी पॅकिंगवाल्यानं सगळं धडाधड म्हणून टाकलं. मागून कोणीतरी विचारलं, "मग सोमवारी तू घरी लोळत होतास तेव्हा पाव काय आभाळातून पडले?" तिसऱ्या दिवशी कोणी पुढे यायलाच तयार नाही.

मी तिथली मुकादम, म्हणजे हे लोढणं माझ्या गळ्यात. आमचं देवक मोठं हरीण. त्या देवकाच्या बाईला चिहेरा म्हणतात, आणि चिहेरा म्हणजे तोंडाळ हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. खोटं नाही ते. मी सरळ ऑफिसात गेले.

"साहेब, आपली पाठ आपणच थोपटायची, हे आपल्यात कधी होतं का? तुम्ही आईला पहिल्यांदा घोंगडी नेऊन दिलीत, तेव्हा ती काय म्हणाली?"

तो जरा ओशाळला. "टाळ्या वाजवून आभार मानले. देवकाचं नाव घेऊन. खापरपणजोबापर्यंत सगळी कुळी म्हटली."

"छाती फुगली की नाही?"

"फुगली, चिहेरा."

"मग झालं तर! ज्याची पाळी, त्याचे आभार दुसऱ्यानं मानायचे. देवकासकट."

आणि जमलं की हो. माकड देवकाचा आमचा एक ऐदी गडी कधी साडेसहाच्या आत आला नव्हता. त्याच्या वाडवडिलांची नावं सगळ्यांसमोर घेतली, तर दुसऱ्या दिवशी स्वारी पावणेसहाला दारात. मॅनेजर मला चहा पाजू लागला. मीही नाक वर करून फिरत होते, कबूल करते.

मग शुक्रवारची पाळी आली जोसायांची.

जोसाया भट्टी सांभाळत. वय अठ्ठावन्न, त्यातली अठ्ठावीस वर्षं त्या भट्टीसमोर. दाराला नुसता तळवा लावून आच सांगत. त्यांची खेप करपलेली कोणी पाहिली नव्हती. सगळे त्यांना शुंबा म्हणत, म्हणजे सिंह, त्यांचं देवक. ट्रक चालवणारा मुनाशेही शुंबाच. त्याचा बाप तो रांगत असतानाच गेला. एकाच देवकाचे म्हणून तो जोसायांना बाबा म्हणे, दुपारी त्यांच्याच ताटात जेवे, आणि पुढच्या महिन्यात त्याच्या सोयरिकीची बोलणी करायला मुलीच्या घरी वडील म्हणून जोसायाच जाणार होते. जोसायांनी त्यासाठी कोटही धुवून आणला होता.

"बाबांचे आभार मी मानणार," मुनाशेनं मंगळवारीच जाहीर केलं. "बाबा, आपली शाखा कुठली? सिंहांत शाखा ढीगभर. भलतीच म्हटली तर पूर्वज माझं थोबाड फोडतील."

"बघू नंतर," जोसाया म्हणाले आणि भट्टीकडे वळले.

बुधवारी ते आले नाहीत. गुरुवारी त्यांची चिठ्ठी आली, काम सोडतो म्हणून. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस! मी दुपारीच साकुब्वा वस्तीत त्यांच्या घरी जाऊन थडकले. बायकोनं मक्याचं आंबील दिलं आणि परसात निघून गेली.

"काय चाललंय हे, शुंबा?"

"मी शुंबा नाही, चिहेरा."

मी भांडं खाली ठेवलं.

"माझे वडील मला घेऊन मलावीहून चालत आले," ते म्हणाले. "चहाच्या मळ्यात राबले. शाळेत पोरं मला बिनदेवकाचा म्हणून दगड मारायची. मग आम्ही इकडे मुतारेत आलो, तेव्हा मी सांगून टाकलं, शुंबा. शेजारच्या पोराचं देवक होतं ते. मला शाखा कुठली ठाऊक असणार? आणि पुढच्या महिन्यात मुनाशे मला वडील म्हणून सोयऱ्यांपुढे बसवणार. तिथे तर पहिला प्रश्न तोच."

ही बला मीच आणली होती, आणि वर मॅनेजरचा चहा पीत बसले होते.

"ताप आलाय म्हणून सांगते," मी म्हणाले. "पाळी पुढे ढकलते. विसरतील लोक."

"पुढे ढकलण्यातच जन्म गेला," जोसाया म्हणाले.

मला वाटलं, आता हे येत नाहीत. पण शुक्रवारी मी पोचले तर पहिली खेप पहाटेच भट्टीत गेली होती आणि जोसाया रांगेत उभे होते, धुतलेला कोट घालून. मुनाशे पुढे झाला, गुडघे वाकवले, टाळीला हात जुळवले.

"थांब," जोसाया म्हणाले, आणि मला सांगितलं होतं ते सगळं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मळे, दगड, शेजारचं पोर. "मी शुंबा नाही. मी फिरी, माझ्या वडिलांचं कूळ ते."

मलावीवाल्यांच्या नकला करण्यात रुत्साचा हात कोणी धरत नसे, ती आता पायांतल्या बुटांकडे बघत होती. मॅनेजर कागद उलटसुलट करत होता, जणू त्यात याचं उत्तर असणार. फिरीचे आभार कसे मानतात ते आमच्यात एकालाही ठाऊक नव्हतं. एवढी तोंडाळ मी, पण मलाही नाही.

"आम्हाला येत नाही हो," मी म्हणाले. "तुम्हीच सांगा."

तेव्हा ते बोलले. आधी वडिलांच्या भाषेत, मग आमच्या. "मी फिरी आहे. फिरी म्हणजे डोंगर. मी डोंगरवाल्यांचा. माझ्या बापानं चार महिने चालून मला इथे आणलं." आपल्या तोंडानं, आपल्याबद्दल, सगळ्यांसमोर. मी ज्या गोष्टीला नाक मुरडलं होतं, नेमकी तीच. त्यांच्यासाठी ते दुसरं कोण म्हणणार होतं? माझी मलाच लाज वाटली. मी टाळी वाजवली, मग रुत्सानं, मग सगळ्यांनी.

मुनाशेनं वाजवली नाही. त्याचे हात तसेच जुळलेले राहिले. जोसाया एकट्या त्याच्याकडे बघत होते.

"सोयरिकीला दुसरा कोणी बघ, पोरा," ते म्हणाले. "मी तुझ्या कुळाचा नाही."

मुनाशेनं मान वर करून दोनदा हवा हुंगली.

"बाबा," तो म्हणाला, "पाव करपतोय."