आंब्याच्या वासाचा धूर

ताइपिंग बाजारातल्या आपल्या कॉफीच्या दुकानात लान इंगने कापडी गाळणी उंच धरून कॉफीची धार कपात सोडली. तेवढ्यात शेगडीजवळून एक पांढराशुभ्र ढग निघाला आणि कपावरून तरंगत थेट हान भावजींच्या टेबलापर्यंत गेला. कॉफीच्या वासात पिकल्या आंब्याचा वास मिसळला. हान भावजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"वहिनी, हे काय आहे?"

"कॉफी."

"ती दिसते मला. तुझ्या पोराच्या तोंडातून निघालं, ते काय आहे?"

जुन कियात निखाऱ्यांवर पाव भाजत होता. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात बोटभर लांबीची ई-सिगारेट. त्याने ती घाईघाईने खिशात घातली, पण ढग काही खिशात मावण्यातला नव्हता.

"वाफ आहे, काका. धूर नाही. तंबाखू नसतो यात."

"असं होय? मग माझ्याही सिगारेटीतून वाफच निघते असं समज, आणि बसू दे मला आत पंख्याखाली."

खाण्यापिण्याच्या जागी सिगारेट बंद झाली, तेव्हा लान इंगच्या नवऱ्यानेच दुकानासमोरच्या रस्त्यावर पिवळ्या रंगाची रेष मारली होती. ओढायचं असेल त्याने त्या रेषेपलीकडे जायचं. सरकारला शिव्या घालत त्याने रेष मारली, ब्रश धुतला, आणि पलीकडे जाऊन पहिली सिगारेट त्यानेच पेटवली. पुढे फुप्फुसांनी त्याला नेलं. त्याचे जिवलग मित्र हान भावजी मात्र अजून रोज तिथे उभे राहत. ऊन असो, पाऊस असो, आत कॉफी गार होत असो; त्यांनी कधी कुरकुर केली नव्हती. ती आज केली.

शेजारच्या टेबलावर अर्धकच्ची अंडी सोया सॉसमध्ये ढवळणारे सेल्वा मास्तर निवृत्त झाले होते, पण वाद घालायची सवय निवृत्त झाली नव्हती.

"भिंतीवरच्या बंदीच्या पाटीवर सिगारेटचं चित्र आहे," ते म्हणाले. "पोराचं हे बॅटरीवर चालतं. उद्या बॅटरीवरच्या पंख्यालाही बंदी घालाल."

"पंखा तोंडात धरून कोणी ओढत नाही, मास्तर."

दोन-चार गिऱ्हाइकं हसली. लान इंगला हसू आलं नाही. बाप गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत जुन कियातने सिगारेटचं पाकीट गटारात फेकलं होतं. त्याआधी दिवसाला दोन पाकिटं लागायची त्याला. तिशीत सकाळचा खोकला बापासारखा झाला होता. त्याच्या जागी हे आंब्याच्या वासाचं खूळ आलं. ते काही अमृत नव्हे, एवढं तिलाही कळत होतं. पण खोकला गेला होता. पोरगा पुन्हा सिगारेटकडे वळेल, एवढी एकच भीती तिला उरली होती. रेषेपलीकडे तर अख्ख्या ताइपिंग बाजारातले ओढणारे जमायचे. तिथे त्याला धाडायचं म्हणजे नुकती दारू सोडलेल्याला गुत्त्याच्या पायरीवर बसवायचं.

"आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं झालं वहिनी तुझं," हान भावजी म्हणाले. ते चिडून बोलले नाहीत, म्हणूनच ते तिला लागलं.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक तरुण बाई तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती. तिने बाळाच्या तोंडावर ओढणीचं टोक धरलं आणि खुर्ची दाराकडे सरकवली. लान इंगने ते पाहिलं.

"आ कियात," ती मुलाला म्हणाली, "ओढायचं तर रेषेपलीकडे."

"मा?"

"सगळ्यांना एकच नियम. जा."

तो गेला. पाठोपाठ हान भावजीही उठले. त्यांची वेळ झालीच होती. गाळणी हातात धरून ती बघत राहिली. भावजींनी पाकीट काढलं, तळहातावर आपटलं, एक सिगारेट वर आली, आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी जुन कियातपुढे धरली. त्यात वाईट हेतू नव्हता. एकट्याने पेटवणं हा त्यांच्यात हलकटपणा समजत. वडीलधाऱ्याने पुढे केलेली सिगारेट नाकारायची नसते. न ओढणाराही ती दोन्ही हातांनी घेतो आणि कानामागे खोचतो. लान इंगने स्वतःच्या लग्नात सासरच्या एकेका पाहुण्याची सिगारेट आपल्या हाताने पेटवून दिली होती. तेव्हा तो मान होता.

जुन कियातने सिगारेट दोन्ही हातांनी घेतली. इकडे कॉफी कपातून बशीत आणि बशीतून टेबलावर गेली.

तो परत आला तेव्हा सिगारेट कानामागे होती, न पेटलेली. त्याने ती कॉफीच्या चोथ्याच्या डब्यात टाकली आणि चिमटा उचलला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्याही. लान इंग आता त्याच्या तोंडाआधी कानाकडे बघू लागली. कधी तो सिगारेट लगेच टाकायचा, कधी बोटांत बराच वेळ फिरवत राहायचा. एकदा त्याने ती नाकाशी नेली. तेव्हा पाव करपला म्हणून ती उगाचच ओरडली; पाव अजून शेगडीवर ठेवलेलाही नव्हता.

"भावजींना सांगू का मी?" दुकान आवरताना तिने विचारलं. "देऊ नका म्हणून?"

"काय सांगशील? तुमच्या हातची वस्तू माझ्या पोराला नको?" त्याने फडकं पिळलं. "बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा कोण बसलं होतं त्यांच्या उशाशी? आणि मी काय शाळेतलं पोर आहे, मा?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती. त्याला पुन्हा आत घ्यावं, तर त्या बाळाच्या आईला आणि भावजींना कुठल्या तोंडाने सामोरं जायचं?

मग एका सकाळी तो रेषेपलीकडून परत आला, तो रिकाम्या कानाने.

तिने डब्यात बघितलं. नुसता चोथा. जुन कियात तिच्याकडे न बघता सरळ शेगडीपाशी गेला आणि पाव कापू लागला. कोळसे सारखे करायच्या निमित्ताने ती त्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली, पण शेगडीच्या धुरात तिला कसलाच वास ओळखता येईना. पेटवली याने. मीच घालवलं त्याला बाहेर, तिला वाटलं, नियमाचा मोठेपणा मिरवायला.

तेवढ्यात हान भावजी आत आले. ते आपल्या टेबलाकडे गेले नाहीत. थेट तिच्यासमोर येऊन उभे राहिले, चेहरा लालबुंद.

"वहिनी, तुझ्या पोराला काही वळण आहे की नाही?"

"काय झालं, भावजी?"

"मी दोन्ही हातांनी सिगारेट पुढे केली, आणि हा म्हणतो, 'नको काका, मी ओढत नाही.' चारचौघांत! मासळीवाला बघत होता, रिक्षावाले बघत होते." त्यांचा आवाज चढला. "अगं, याच्या बापाने मला जन्मात कधी नाही म्हटलं नाही!"

सेल्वा मास्तरांचा अंड्याचा चमचा हवेतच थांबला. खुद्द हान भावजींनी हातातलं पाकीट खिशात सारलं. शेगडीवर पाव उलटल्याचा आवाज आला.

"चुकलं त्याचं," लान इंग मान खाली घालून म्हणाली. "लहान तोंडी मोठा घास. चांगली कानउघाडणी करते मी त्याची. बसा तुम्ही."

ती पाठ फिरवून त्यांची कॉफी करायला लागली. डब्यातलं घट्ट गोड दूध तिने कपात सोडलं, आणि मग सोडतच राहिली.

"वहिनी, पुरे," हान भावजी मागून म्हणाले, आता जरा नरमाईने. "साखर वाढलीय माझी, ठाऊक आहे ना?"

"आजच्या दिवस घ्या," ती म्हणाली, पण वळली नाही.