कारणाचा चौकोन

खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्यांना ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी घरी पाठवावं का, हे तज्ज्ञांना विचारून ठरवायचं होतं. पद्धत अशी : तज्ज्ञांनी एकमेकांना भेटायचं नाही. पहिल्या फेरीत प्रत्येकानं मत द्यायचं, दुसऱ्या फेरीत गटाचा कौल दाखवून पुन्हा विचारायचं. शंभरात ऐंशी जुळले की एकमत. एकमत झालं की नियम, आणि नियम झाला की खाटा रिकाम्या. त्या खाटांवरच्या माणसांना मात्र कुणी विचारणार नव्हतं.

हा कारभार ताईकडे होता; तिच्या वर तिचे विभागप्रमुख, सर. पहिल्या फेरीत निम्मे तज्ज्ञ विरोधात होते. त्यात तिचा सख्खा भाऊ, हाडांचा डॉक्टर. एकट्या बाईला घरी ढकलून दिलं तर तिला संडासात कोण नेणार, तुमचे सर का, असं तो जेवताजेवता भांडायचा.

दुसऱ्या फेरीत एकमत झालं : घरी पाठवावं. सर खूश. म्हणाले, अहवाल बांधून टाका.

ताईला चैन पडेना. खुर्चीत बसली, उठली, खिडकी उघडली, पुन्हा लावली. नवा पुरावा काडीचा नाही, मग एवढे जाणकार फिरले कसे? तिनं उत्तरं उघडली. भाऊही फिरला होता. मत का दिलं, हे मत देणाऱ्याला गाठून विचारायचं नसतं. खड्ड्यात गेलं, म्हणत तिनं फोन लावला.

"का फिरलास रे?"

"अगं, तुमच्या फॉर्ममधला तो चौकोन. गटाशी जमत नसेल तर कारण लिहा, नाहीतर गाडी पुढं सरकत नाही. दोन ऑपरेशनांच्या मधे निबंध लिहीत बसू?"

"म्हणून हो म्हणालास?"

"बाकीचे लिहितील की, ताई."

बाकीच्यांनीही हेच म्हटलं असणार. हो म्हणणारा एका टिचकीत मोकळा, नाही म्हणणाऱ्याला शिक्षा. आणि ही शिस्त ताईनंच लावलेली.

तिनं तिसरी फेरी काढली. कारण आता सगळ्यांना सक्तीचं. सर भडकले. हातातोंडाशी आलेला घास सांडू नका, पुढच्या वर्षीची नेमणूक माझ्या सहीनं होते, हेही त्यांनी सुचवलं. तिनं फेरी पाठवलीच.

उत्तरं आली. एकमत फुटलं. कारण लिहायची वेळ आली तेव्हा हो म्हणणाऱ्यांना खाटा रिकाम्या होतील, यापलीकडे काही सुचलं नव्हतं.

"एकमत झालं नाही, असा अहवाल कोण छापणार?" सर म्हणाले.

"तुम्ही," ताई म्हणाली. "नाहीतर मी."